नाळ वारेला कुठे जुळली आहे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात नाळ वारेला कोणत्या ठिकाणी जुळली आहे याची नोंद आता अनेकदा असते. पूर्वी ही गोष्ट बाळंतपण झाल्यावर, वार हातात आल्यानंतरच कळत असे, आणि तोवर तिचा उपयोग संपलेला असे. आता ती चार महिने आधी कळते, पण अहवालातल्या त्या एका ओळीचा अर्थ समजावून सांगायला तपासणीच्या घाईत वेळ मिळतोच असे नाही. या विषयावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मला एकविसावा आठवडा सुरू आहे. सोनोग्राफीच्या अहवालात ‘मार्जिनल कॉर्ड इन्सर्शन, वारेच्या कडेपासून अंतर 1.2 सेंटिमीटर’ असे लिहिले आहे. बाकी सर्व व्यवस्थित आहे असे डॉक्टर म्हणाले, तरीही मला रात्रभर झोप लागत नाही. माझ्या हातून काही चूक झाली का? मी पहिल्या तीन महिन्यांत बरीच धावपळ केली होती. उरलेल्या महिन्यांत नाळ आपोआप मध्यावर सरकते का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण झोप त्याच्यामुळे उडालेली दिसते. तुमच्या हातून कोणतीही चूक झालेली नाही. चालणे, जिने चढणे, वाकणे, एका कुशीवर झोपणे यांपैकी कशानेही नाळेची जागा बदलत नाही. ती जागा गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो त्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत ठरते, म्हणजे पुष्कळदा आपल्याला दिवस गेले आहेत हे कळण्याच्याही आधी.

आता मूळ रचना पाहू. दिवस भरल्यावर वार साधारणपणे वीस-बावीस सेंटिमीटर व्यासाची, मध्यभागी अडीच सेंटिमीटर जाडीची आणि अर्धा किलोच्या आसपास वजनाची असते. तिच्या बाळाकडील पृष्ठभागावर, बहुधा मध्यावर किंवा मध्याच्या जरा बाजूला, नाळ जुळलेली असते. नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला अशा तीन रक्तवाहिन्या असतात आणि त्यांच्याभोवती एक घट्ट, लवचिक, जेलीसारखा पदार्थ असतो. थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने 1656 मध्ये आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘व्हार्टन्स जेली’ म्हणतात. बाळाने लाथ मारली, नाळेला पीळ बसला किंवा ती बाळाच्या अंगाखाली आली, तरी आतल्या रक्तवाहिन्या सहसा दबत नाहीत, त्याचे मोठे श्रेय या जेलीचे आहे. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढची निम्मी उत्तरे तिच्या असण्या-नसण्यावरच अवलंबून आहेत.

नाळ वारेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या आत जुळली असेल तर तिला ‘मार्जिनल’ म्हणजे कडेची जुळणी म्हणतात. अशी वार आणि तिची नाळ बॅडमिंटनसारख्या जुन्या खेळातील मूठ असलेल्या फळीसारखी दिसते, म्हणून जुन्या पुस्तकांत तिला त्या फळीच्या इंग्रजी नावावरून ‘बॅटलडोर’ असेही म्हटलेले आढळते. त्यापुढची पायरी ‘व्हेलामेंटस’ जुळणीची. तिच्यात नाळ वारेपर्यंत पोहोचतच नाही. ती बाळाभोवतीच्या पडद्यांत संपते आणि तेथून तिच्या रक्तवाहिन्या सुट्या होऊन, जेलीच्या संरक्षणावाचून, पडद्यांतून वाट काढत वारेपर्यंत जातात. नॉर्वेमध्ये 1999 ते 2009 या काळातील सहा लाखांहून अधिक गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कडेची जुळणी सुमारे 6.3 टक्के आणि पडद्यातील जुळणी सुमारे 1.5 टक्के गर्भारपणांत आढळली. म्हणजे तुमच्यासारखी नोंद साधारण सोळा जणींत एकीच्या अहवालात निघू शकते. ती रूढ रचनेपेक्षा वेगळी आहे, पण विरळा नाही.

असे का होते, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक असे की गर्भ रुजताना थोडा तिरका रुजतो आणि नाळेचा देठ सुरुवातीपासूनच कडेला पडतो. दुसरे मला अधिक पटते. वार ही एका जागी स्थिर असणारी वस्तू नाही. जेथे गर्भाशयाचा रक्तपुरवठा चांगला, तिकडे ती पसरते आणि जेथे तो कमी, तेथे झिजते. नाळ मात्र जेथे जुळली तेथेच राहते. वार एका बाजूला वाढत आणि दुसऱ्या बाजूला आक्रसत गेली की सुरुवातीला मध्यावर असलेली नाळ कडेला पडते, आणि कड आणखी मागे हटली की ती पडद्यात उरते. यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते : नाळ सरकून मध्यावर येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. अंतराचा आकडा पुढच्या तपासणीत थोडा कमी-जास्त दिसू शकतो, कारण वार वाढते आणि बाळाच्या स्थितीनुसार मोजमापही बदलते.

राहिला परिणामांचा प्रश्न. नुसती कडेची जुळणी असेल, वार खाली गर्भाशयाच्या मुखाजवळ नसेल आणि बाळाची वाढ ठीक असेल, तर बहुसंख्य गर्भारपणे अगदी नेहमीसारखी पार पडतात. बाळाचे वजन कमी भरणे किंवा दिवस भरण्याआधी प्रसूती होणे यांची शक्यता काही अभ्यासांत थोडी वाढलेली आढळली आहे; म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास वाढीची एक सोनोग्राफी करून घ्यावी. त्यापलीकडे तुम्ही काही वेगळे करण्याची गरज नाही, आणि अंथरुणाला खिळून राहण्याची तर मुळीच नाही.

प्रश्न : माझ्या पत्नीला वीस आठवडे झाले आहेत आणि अहवालात ‘व्हेलामेंटस कॉर्ड इन्सर्शन’ आहे. डॉक्टरांनी अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी करायला सांगितले आहे. इतक्या वेळा सोनोग्राफी केल्याने बाळाला अपाय तर होणार नाही? नेमकी भीती कशाची आहे? सिझेरियन करावेच लागेल का?

उत्तर : सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात, आणि योग्य कारणासाठी, जाणकार व्यक्तीने केलेल्या तपासणीने गर्भाला अपाय होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. तुमच्या पत्नीच्या बाबतीत कारण अगदी योग्य आहे.

भीती कशाची, हे समजण्यासाठी एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. शेताच्या मध्यावर विहीर असली की पाट चारी दिशांना सारखे जातात. विहीर बांधापलीकडे असली तर पाणी शेतात येते खरे, पण पाट लांब होतात, वाटेत ते उघडे असतात आणि कोणी पाय दिला तरी अडतात. शिवाय दूरच्या वाफ्यापर्यंत पुरेसे पाणी पोहोचेल याची खात्री नसते. पडद्यातून गेलेल्या रक्तवाहिन्यांची स्थिती अशीच असते. वारेचा काही भाग कमी वापरला जातो, त्यामुळे काही बाळांची वाढ मंदावते. जेलीचे कवच नसल्याने रक्तवाहिनी दाबली जाऊ शकते, आणि कळांच्या वेळी बाळाचे ठोके खाली-वर होण्याचे हे एक कारण असते. अशा गर्भारपणांत वेळेआधी प्रसूती, जन्मतः कमी वजन, तातडीने करावे लागणारे सिझेरियन, बाळाला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागणे आणि क्वचित पोटातच बाळ दगावणे या सगळ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. वार वेळेआधी सुटणे आणि गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार यांच्याशीही या जुळणीचा संबंध दिसून आला आहे. कडेच्या जुळणीत हेच धोके सौम्य असतात, पडद्यातील जुळणीत ते अधिक ठळक होतात.

हे मी स्पष्ट शब्दांत लिहितो आहे, कारण अर्धवट सांगितलेली गोष्ट पूर्ण सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जास्त घाबरवते. पण त्याच स्पष्टपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘अधिक’ म्हणजे मुळात कमी असलेल्या प्रमाणापेक्षा अधिक. पडद्यातील जुळणी असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी बाळे होतात. दर चार आठवड्यांची सोनोग्राफी ही बाळाचे वजन अपेक्षित रेषेवर वाढते आहे का, पाणी पुरेसे आहे का, आणि गरज भासल्यास नाळेच्या रोहिणीतील प्रवाह डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, कसा आहे हे पाहण्यासाठी असते. वाढ मंदावली तर ती वेळीच लक्षात येते आणि प्रसूती कधी करावी हे विचारपूर्वक ठरवता येते. शेवटच्या महिन्यात बरेच तज्ज्ञ आठवड्यातून एकदा बाळाच्या ठोक्यांचा आलेखही काढतात आणि दिवस उलटून जाऊ देत नाहीत.

सिझेरियन करावेच लागेल असे नाही. पडद्यातील रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या मुखाजवळ नाहीत एवढी खात्री झाली असेल आणि बाळाची वाढ ठीक असेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न अवश्य करता येतो. मात्र तो बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवता येईल आणि वेळ आली तर लगेच शस्त्रक्रिया करता येईल अशाच ठिकाणी व्हावा. घरी पत्नीने बाळाच्या हालचालींकडे लक्ष द्यावे. त्या नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तपासून घ्यावे. तपासणीत सर्व ठीक निघाले तर फेरी वाया गेली असे कोणीही समजू नये.

प्रश्न : आयव्हीएफने मला दिवस राहिले आहेत. विसाव्या आठवड्यात वार खाली होती आणि नाळ पडद्यात जुळलेली होती. आता बत्तिसाव्या आठवड्यात वार वर सरकली आहे, असे अहवालात आहे. सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला, पण डॉक्टर योनिमार्गातून कलर डॉपलर करू म्हणतात. वार वर गेल्यावर या तपासणीची काय गरज?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी अगदी नेमकी तपासणी सांगितली आहे आणि ती टाळू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने देतो.

वार वर सरकते याचा अर्थ ती जागेवरून उठून चालत जाते असा नाही. गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जातो आणि वारेची खालची कड मुखापासून दूर होते. त्याच वेळी खालच्या बाजूची वार झिजतेही. पण त्या झिजलेल्या भागातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या मात्र काही वेळा पडद्यांत तशाच मागे राहतात. या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या मुखावर किंवा त्याच्या अगदी जवळ, बाळाच्या डोक्याच्या पुढे आडव्या पडलेल्या असतील, तर त्या स्थितीला ‘व्हासा प्रीव्हिया’ म्हणतात. तिचा मुख्य आधार पडद्यातील जुळणी हाच असतो. वारेचे दोन तुकडे असणे किंवा मुख्य वारेला वेगळा छोटा खंड असणे हे दुसरे कारण, कारण तेव्हा दोन भागांना जोडणाऱ्या रक्तवाहिन्या पडद्यातून जातात. विसाव्या आठवड्यात वार खाली असणे आणि आयव्हीएफने दिवस राहणे या दोन्ही गोष्टींनी ही शक्यता वाढते. सर्वसाधारणपणे हजार ते अडीच हजार गर्भारपणांत एकदा दिसणारी ही स्थिती आयव्हीएफच्या गर्भारपणांत दोनशे ते तीनशेंत एकदा आढळू शकते. तुमच्या बाबतीत तीनही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

धोका असा की पाणमोट फुटताना तिच्याबरोबर ती रक्तवाहिनीही फाटू शकते. वार खाली असल्यामुळे होणाऱ्या रक्तस्रावात मुख्यतः आईचे रक्त जाते. येथे जाते ते बाळाचे. दिवस भरलेल्या बाळाच्या अंगात एकूण रक्त असते तरी किती? दर किलो वजनामागे ऐंशी ते शंभर मिलिलिटर, म्हणजे तीन किलोच्या बाळात सुमारे पाव लिटर ते तीनशे मिलिलिटर. आईच्या दृष्टीने किरकोळ वाटणारा, वेदना नसलेला रक्तस्राव बाळाचे प्राण काही मिनिटांत घेऊ शकतो. आईची नाडी आणि रक्तदाब व्यवस्थित असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला प्रसंगाचे गांभीर्यही उशिरा कळते. रक्तवाहिनी फाटली नाही, तरी खाली सरकणाऱ्या डोक्याखाली ती दबू शकते.

आता या भयंकर चित्राची दुसरी बाजू पाहा. 2004 साली 155 प्रकरणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे निदान प्रसूतीआधी झाले होते त्यांच्यातील 97 टक्के बाळे वाचली. ज्यांचे झाले नव्हते त्यांच्यातील 44 टक्केच वाचली. आजार तोच आणि रक्तवाहिन्याही त्याच. फरक इतकाच की एका गटातील डॉक्टरांना त्या कुठे आहेत हे आधी ठाऊक होते. प्रसूतिशास्त्रात असा फरक एखाद्या औषधानेही क्वचितच पडतो, आणि येथे तो काही मिनिटांच्या एका तपासणीने पडतो. म्हणून पडद्यातील जुळणी असे लिहिलेल्या प्रत्येक अहवालात ‘गर्भाशयाच्या मुखाजवळ रक्तवाहिन्या आहेत किंवा नाहीत’ हे वाक्य असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ते वाक्य नसलेला अहवाल मी अपुरा समजतो.

योनिमार्गातून तपासणी करायची कारण मुखाजवळचा भाग तेथून स्पष्ट दिसतो, आणि कलर डॉपलर लावायचे कारण त्यामुळे पडद्यातील वाहते रक्त रंगात उमटते आणि त्याची लय बाळाच्या ठोक्यांशी जुळते का हे तपासता येते. कधी कधी नाळेचा सुटा वेढाच मुखावर येऊन बसलेला असतो. तो बाळ हलले की हलतो, खरी पडद्यातील रक्तवाहिनी हलत नाही. तपासणी आतून असली तरी तिने वारेला किंवा बाळाला इजा होत नाही.

समजा, रक्तवाहिन्या दिसल्याच, तर पुढची वाट आखलेली आहे. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली जातात. तीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान रुग्णालयात राहावे का, हे गर्भाशयमुखाची लांबी, पोटात कळा येतात का, आधी रक्तस्राव झाला होता का आणि घर रुग्णालयापासून किती दूर आहे यावर ठरवले जाते. साधारण चौतीस ते छत्तीस आठवड्यांत, कळा सुरू होण्याची आणि पाणमोट फुटण्याची वाट न पाहता, ठरवून सिझेरियन केले जाते. बाळ थोडे लवकर जन्मते खरे, पण लवकर जन्मलेल्या बाळाला सांभाळता येते. तुमच्या तपासणीत काही दिसले नाही, तर नैसर्गिक प्रसूतीचा विचार मोकळेपणाने करता येईल. तपासणी होईपर्यंत एक गोष्ट लक्षात ठेवा : अंगावरून थोडेही रक्त गेले किंवा पाणी गेले तर तडक रुग्णालयात जा आणि पहिल्याच वाक्यात ‘माझी नाळ पडद्यात जुळलेली आहे’ असे सांगा.

प्रश्न : माझ्या सुनेला जुळे आहे आणि दोन्ही बाळांची वार एकच आहे. एका बाळाची नाळ मध्यावर आणि दुसऱ्याची पडद्यात जुळली आहे, आणि त्या दुसऱ्या बाळाचे वजन कमी भरते आहे. याचा परस्परांशी संबंध आहे का?

उत्तर : संबंध असण्याची बरीच शक्यता आहे. जुळ्यांमध्ये नाळेच्या अशा जुळण्या अधिक दिसतात. वर सांगितलेल्या नॉर्वेच्या पाहणीत जुळ्या-तिळ्यांच्या गर्भारपणांत कडेची आणि पडद्यातील जुळणी मिळून सुमारे 17 टक्के होती, आणि वार एकच असली तर हे प्रमाण आणखी वाढते. दोन भावंडांना एकच वार वाटून घ्यायची असते आणि ती वाटणी सारखी होतेच असे नाही. ज्याची नाळ पडद्यात पडते, त्याच्या वाट्याला बहुधा वारेचा लहान भाग येतो आणि त्याची वाढ मागे पडते. यात सुनेच्या आहाराचा किंवा विश्रांतीचा दोष नाही, हे घरात सर्वांनी समजून घ्यावे, कारण दोन्ही बाळे एकाच आईकडून पोषण घेत असताना एक नीट वाढते आहे, हीच त्याची साक्ष आहे.

एकच वार असलेल्या जुळ्यांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करावी लागते, नाळ कशीही जुळलेली असो. तुमच्या सुनेच्या बाबतीत दोन्ही वजनांतील फरक आणि लहान बाळाच्या नाळेतील प्रवाह हे दोन्ही पाहिले जायला हवेत. जुळ्यांच्या गुंतागुंतीचा विशेष अनुभव असलेल्या गर्भतज्ज्ञांना दाखवून घेण्यात उशीर करू नये.

प्रश्न : नाळ कडेला जुळणे आणि बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा असणे हे एकच आहे का?

उत्तर : नाही. वेढा हा नाळेच्या मधल्या भागाचा असतो, तो बाळाच्या हालचालींनी पडतो आणि सुटतोही. चार-पाच प्रसूतींत एकदा तो आढळतो आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतो. जुळणी हा नाळेच्या दुसऱ्या टोकाचा, वारेकडचा विषय आहे. एका अहवालात दोन्ही नोंदी असू शकतात, पण एकीचा अर्थ दुसरीला लावू नये.

प्रश्न : मी परिचारिका असून प्रसूतिकक्षात काम करते. अलीकडे एका प्रसूतीत वार बाहेर येण्यापूर्वी हलक्या ओढीनेच नाळ तुटून हातात आली. नंतर वार हाताने काढावी लागली आणि आईला बराच रक्तस्राव झाला. वार पाहिली तेव्हा नाळ पडद्यात जुळलेली होती. माझे काही चुकले का, आणि पुढे काय काळजी घ्यावी?

उत्तर : तुम्ही वार पाहिली आणि कारण शोधले, याबद्दल आधी तुमचे मनापासून कौतुक करतो, पुष्कळदा वार न पाहताच टाकली जाते. पडद्यातील जुळणीत नाळेचे शेवटचे टोक जेलीविना, नुसत्या रक्तवाहिन्यांचे असते आणि ते पडद्याला चिकटलेले असते, त्यामुळे नेहमीच्या ओढीनेही ते तुटू शकते. वार अडकून राहणे, ती हाताने काढावी लागणे आणि प्रसूतीनंतर अधिक रक्तस्राव होणे या तिन्हींचे प्रमाण अशा जुळणीत वाढलेले आढळते. तुमच्या वर्णनावरून तुमचे काही चुकले असे मला वाटत नाही.

पुढच्या वेळेसाठी काही गोष्टी सांगतो. सोनोग्राफीचा जुना अहवाल कळा सुरू असतानाच वाचावा आणि नाळेची नोंद सर्वांना सांगून ठेवावी. पडद्यातील जुळणी माहीत असेल तर वार सुटल्याची लक्षणे दिसेपर्यंत नाळ ओढू नये, आणि ओढताना दुसऱ्या हाताने गर्भाशय वर रोखून धरावे. गर्भाशय आकुंचन पावण्याचे औषध तयार ठेवावे. पाणमोट फोडण्यापूर्वी बोटाला पडद्यावर एखादी ठोके देणारी दोरी लागते का हे तपासावे, आणि तशी शंका आली तर पाणमोट फोडू नये. पाणी जाताना रक्त दिसले आणि त्याच क्षणी बाळाचे ठोके बिघडले, तर ते रक्त बाळाचे आहे असे धरूनच हालचाल करावी. तपासण्यांत वेळ घालवू नये. अशा बाळाला जन्मल्याबरोबर रक्त द्यावे लागू शकते, म्हणून बालरोगतज्ज्ञांना आणि रक्तपेढीला तेव्हाच कळवावे.

वार तपासताना पडदे पूर्ण पसरून पाहा. पडद्यावरून जाणारी रक्तवाहिनी मध्येच तुटलेली दिसली आणि तिच्या टोकाला काही नसेल, तर वारेचा एखादा छोटा खंड आत राहिला असण्याची शंका घ्यावी. नाळ कडेपासून किती अंतरावर आहे ते मोजून कागदावर लिहावे. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण त्या आईच्या पुढच्या गर्भारपणात ही नोंद लागणार आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सदतिसाव्या आठवड्यात माझे बाळ पोटातच गेले. त्याचे वजन कमी होते. नंतर वारेच्या तपासणीत नाळ पडद्यात जुळली होती असे कळले. गर्भारपणातील एकाही अहवालात ते लिहिलेले नव्हते. आता मला पुन्हा दिवस गेले आहेत आणि बारावा आठवडा आहे. ते आधी कळले असते तर बाळ वाचले असते का? आणि या वेळी पुन्हा तसेच होईल का?

उत्तर : तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. तुमच्या पहिल्या प्रश्नाला ठाम ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नाळेची जुळणी हे एक कारण असू शकते, पण तीच जुळणी असलेली बहुसंख्य बाळे सुखरूप जन्मतात, आणि कमी वजन हे वारेच्या इतर दोषांमुळेही असू शकते. म्हणून वारेच्या तपासणीचा पूर्ण अहवाल तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून पुन्हा वाचावा. त्यात रक्तवाहिन्यांत गाठी होत्या का, वारेचा काही भाग निकामी झाला होता का, याच्या नोंदी असतील तर त्यांचा या वेळच्या उपचारांवर परिणाम होऊ शकतो. जे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते, ते ओळखण्याची जबाबदारी तुमची नव्हती, एवढे मात्र मी निःशंकपणे सांगतो.

गेल्या वेळी ती नोंद का नव्हती, याचीही कारणे असतात. वार गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवर असली, बाळ आड आले किंवा गर्भारपणाचे दिवस पुढे गेले की जुळणीची जागा दिसणे कठीण होते. आणि पुष्कळ ठिकाणी ती पाहिलीच जात नाही, ही खंत मला लपवायची नाही. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ही जागा शोधायला बहुतेक वेळा एक मिनिटही लागत नाही. बाळाच्या प्रत्येक अवयवाची मापे घेणाऱ्या तपासणीत या एका मिनिटाला जागा मिळायलाच हवी.

पुन्हा तसे होण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा थोडी जास्त असते, परंतु तुमच्यासारख्या बहुतेक जणींच्या पुढच्या गर्भारपणात नाळ नीट जुळलेली आढळते. तुम्ही योग्य वेळी लिहिले आहे. अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीतही नाळ कोठे जुळते आहे ते अनेकदा दिसते, आणि ती गर्भाशयाच्या खालच्या भागात जुळलेली दिसली तर पुढे अधिक बारकाईने पाहायचे हे तेव्हाच ठरते. तपासणीला जाताना मागच्या वारेचा अहवाल बरोबर न्या आणि सोनोग्राफी सुरू होण्यापूर्वीच तो डॉक्टरांच्या हातात द्या. वीस आठवड्यांच्या तपासणीत जुळणीची जागा आणि कडेपासूनचे अंतर लिहून मागा. नाळ कशीही जुळलेली असली, तरी तुमच्या पूर्वेतिहासामुळे या वेळी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून नियमित व्हायला हवी आणि प्रसूतीची तारीख आधीच बोलून ठरायला हवी. सदतिसावा आठवडा जवळ येईल तेव्हा मन फार अस्वस्थ होईल. त्या दिवसांत बाळाचे ठोके ऐकण्यासाठी हवे तितक्या वेळा येऊ द्यावे, असे तुमच्या डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा.